तेल पाजलेली गाडी

भिकनआप्पांच्या घराखाली एक गाळा आहे. सुरतच्या डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत ज्याच्या घराखाली गाळा आहे, त्यानं तो कधी रिकामा ठेवलेला नाही. कुणी किराणा टाकलाय, कुणी मोबाइलचं दुकान, कुणी साड्यांवर खडे चिकटवायला बायका बसवल्यात. आप्पांचा गाळा मात्र कोरोनाच्या दुसऱ्या लाटेपासून बंद. शटर खाली, आत पांढरी मारुती. भाड्यानं मागायला माणसं यायची, आप्पा मान हलवायचे, माणसं जायची.

गाडी सागरची. सागर आप्पांचा एकुलता एक मुलगा. सुरतेलगतच्या सचिन गावातल्या एका डाइंग युनिटात कामाला होता. गाडी जुनीच घेतलेली, पण आमच्या गल्लीत आलेली पहिली. त्या एप्रिलात तो अंगात ताप घेऊन सचिनहून आला, गाडी गाळ्यात लावली, हँडब्रेक ओढला, शटर पाडलं आणि जिना चढून वर गेला. खाली आला तो अँब्युलन्सवाल्यांच्या हातांवर. पुढे घरच्यांना त्याचा फोन मिळाला, चपला मिळाल्या. सागर मिळाला नाही. पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी लांबून दाखवलं, हात लावू दिला नाही, आणि हेच तुमचं म्हणून सांगितलं. आप्पांनी ते मानलं. न मानून कुठं जाणार होते?

मी या भागात लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कामगारांच्या संघटनेचं काम करते. लोक मला सुषमाताई म्हणतात, मालक लोक आणखी काय काय म्हणतात. भांडण असलं की माझी आठवण होते. आप्पा कधी भांडण घेऊन आले नाहीत. म्हणूनच त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. भांडणाऱ्यांबद्दल सगळेच लिहितात.

भिकन हे नाव खान्देशात कुणी हौसेनं ठेवत नाही. आधीची लेकरं जगली नाहीत, की पुढचं देवाकडून भीक मागून घेतलेलं म्हणून हे नाव. आप्पांच्या आधीचे भाऊ पाळण्यातच गेले, आप्पा राहिले. पारोळ्याकडचं गाव. मिसरूड फुटायच्या आत मामाबरोबर भुसावळच्या गाडीनं आले आणि उधन्याला उतरले. तिथल्या खोलीत एका गादीवर दोन माणसं, एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. गादी कधी थंड व्हायची नाही, असं ते एकदा म्हणाले होते. ते म्हणाले तेव्हा तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं.

आधी कारागीर, मग मास्टर. मास्टर म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा. सगळा जन्म खटाखट आवाजात गेला, त्यामुळे कान गेले. पूर्ण नाही, पण बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय त्यांना कळत नाही. लूम चालू असताना मशीन ऐकू येत नाहीच, आवाज सगळ्यांचा एकच. तेव्हा ते मशीनवर तळवा ठेवायचे. कुठला पट्टा ढिला, कुठला दात झिजला, हाताला कळायचं. घरीही तसंच. कुणी काही सांगितलं की आधी बघत राहायचे, मग उत्तर. गल्लीला वाटायचं, माणूस शांत आहे. सागर गेल्यावर रडले नाहीत, तेव्हा त्याच गल्लीनं वेगळं काही बोलून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात कामावर गेले, त्यावरही बोलले. मी दोघीतिघींना गल्लीतच झाडलं होतं. ते जाऊ दे.

गाडीला तेल द्यायचं खूळ कुठून आलं, ते सांगते. पहिल्या लॉकडाउनला आमची निम्मी गल्ली चालत नाहीतर ट्रकातून गावी गेली. आप्पा राहिले. लूम बंद, कारखान्याला कुलूप. सुरतची हवा खारी, दमट, उघडं लोखंड महिन्याभरात तांबडं पडतं. मे महिन्यात किंवा दिवाळीला लूम बंद करायचे असले तर मास्टर लोक जाण्याआधी एकेक भाग पुसून त्याला तेल देतात, आल्यावर हातानं एक फेरा फिरवून बघतात. आप्पा त्या लॉकडाउनमध्ये पोलिसांची नजर चुकवून आठवड्याला कारखान्यात जायचे, तेलाची लांब चोचीची कुपी घेऊन. कुणी सांगितलं नव्हतं. कारखाने उघडले तेव्हा शेजारच्या शेडमधले लूम जाम झालेले, छिन्नी लावून सोडवावे लागले. आप्पांचे सगळे पहिल्या झटक्यात फिरले. मालकानं पेढे वाटले. पगार वाढवला नाही, पेढे वाटले.

सागर गेल्यावर तीच कुपी घरी आली. रविवारी सकाळी आप्पा शटर अर्ध्यावर उचलायचे, वाकून आत जायचे. मी जाता-येता बघितलंय. बॉनेट उघडून बिजागऱ्यांना तेल, दारांना तेल. मग फरशीवर आडवे पडून, चाकाच्या भोकातून कुपीची चोच आत घालून, आत जी चकती दिसते तिला तेल. लोखंड उघडं दिसलं की तेल. मग फडक्यानं पुसून शटर खाली. बघून कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आम्ही सगळे लूमचेच.

घरात वर तीन माणसं. आप्पा, वत्सलाकाकू आणि सून वैशाली. वैशालीचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, मूल नव्हतं. नंदुरबारहून माहेरचे न्यायला आले, तर ती म्हणाली, राहते. का राहिली, ते कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. पर्वत पाटियाच्या मार्केटात साड्या फोल्डिंग करायला जायला लागली. सकाळी रिक्षा, संध्याकाळी रिक्षा. रात्री जेवून दोघी सासवा-सुना टीव्हीसमोर बसायच्या. आवाज बारीक असायचा. त्या बघत होत्या की नाही, शंका आहे. तीन माणसांचं घर होतं, पण जिन्यावरून जाताना भांड्याचा आवाज यायचा फक्त.

मग गेल्या दिवाळीनंतर आप्पांनी स्वतः वैशालीसाठी स्थळ बघितलं. वाल्मिक नावाचा माणूस, सचिनला रंगाच्या कारखान्यात, पहिली बायको आजारपणात गेलेली. स्वभाव गरीब. आप्पांनी त्याच्या खोलीवर जाऊन चहा घेतला, शेजाऱ्यांकडे चौकशी केली, त्याच्या मालकालाही भेटून आले. मग सुनेला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. आप्पा म्हणाले, तसं नको, तू म्हण. होळी गेली तरी ती काही म्हणाली नाही. मग एक दिवस चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाली, चालेल.

वत्सलाकाकूंचं त्यावर हो नाही, ना नाही. पीठ मळत होत्या, मळत राहिल्या.

खरी भानगड इथून पुढे. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न चालतं, त्याला पाट म्हणतात. पण पाट लागायचा तो अंधार पडल्यावर. वाजंत्री नाही, मांडव नाही, बाई मागच्या दारानं निघायची, डोक्यावरून पदर, आणि उजाडेपर्यंत तिचं तोंड सवाष्णींनी बघायचं नाही. गावाकडे आता हे पुष्कळ सुटलंय. सुरतेत आलेल्यांनी मात्र काही गोष्टी अशा घट्ट धरून ठेवल्यात, की गाव बदललं तरी इथल्या गल्लीत ते गाव जुनंच. आपल्याला जिथून निघून पन्नास वर्षं झाली, तिथले नियम आपणच सांभाळायचे, असा काही ठेका घेतलाय.

दत्तूआबा हे त्या ठेकेदारांचे मुकादम. आप्पांचे चुलतभाऊ, वयानं मोठे, गल्लीच्या तोंडाशी त्यांचं किराणा दुकान. ते वर आले, चहा प्याले आणि म्हणाले, चांगलं करतोयस, पोरगी मार्गी लागेल, आमची ना नाही. दिवस रविवारचा धर, लग्नकार्याची वाडी मी ठरवतो. फक्त दिवे लागल्यावर न्या. मागच्या बोळातून रिक्षा लावू, कुणाला त्रास नको.

मी तिथंच होते. माझ्या तोंडाशी आलं होतं, पण आप्पांनी हात वर केला. लूमवर कारागिराला थांबवतात तसा.

"आबा, ती दिवसा जाईल," आप्पा म्हणाले. "पुढच्या दारानं. सागरच्या गाडीत आली होती, सागरच्या गाडीत जाईल."

आबा हसले. "गाडी? ती तर मेली केव्हाच."

"व्हई जाई," आप्पा म्हणाले. होऊन जाईल. ते चिडले की अहिराणीत येतात. पण चिडल्यासारखे दिसत मात्र नव्हते.

त्यांना एवढंच हवं होतं, आणि ते दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं. रविवारी दुपारच्या आत गाडी चालली, तर वैशाली उजेडी जाणार. नाही चालली, तर आबा आहेतच, बोळ आहे, रिक्षा आहे.

मगन कॅनॉल रोडला गॅरेज चालवतो. हात चांगला, तोंड त्याहून चालतं. त्याला मीच आणला. शटर पूर्ण वर झालं, तेव्हा पहिल्यांदा आतला वास बाहेर आला. जुन्या पेट्रोलचा, वॉर्निशसारखा, आणि उंदरांचा. गाडी चारही चाकांवर बसलेली. मगननं एक चक्कर मारली आणि म्हणाला, ताई, हिला गॅरेज नको, आयसीयू पाहिजे. मग आप्पांच्या तोंडाकडे बघितलं आणि पाना शोधू लागला.

त्याचं काम मी बघत होते, येऊन जाऊन. बॅटरी तर गेलीच होती, ती नवी घातली. टाकीतलं पेट्रोल काढलं, ते चहासारखं तांबूस होतं. पेट्रोलचा पंप चिकटलेला, तो काढून साफ केला. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदराचं घर. साडीच्या लेसचे तुकडे, जरीचे धागे, कुठले कुठले खडे. आख्ख्या गल्लीची मजुरी त्यानं तिथं नेऊन ठेवली होती. वायरी कुरतडलेल्या, त्या जोडल्या. मग प्लग काढून, प्लगच्या भोकांतून थोडं थोडं तेल सोडलं आणि चावी न लावता इंजिन हातानं फिरवून बघितलं. हे आप्पांना पटलं. लूमचंही असंच असतं, ते म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं तेवढंच बोलणं.

आतल्या आरशाला एक निळा मास्क लटकलेला होता. सागरचा. मगननं तो कचऱ्यात टाकायला काढला, तेवढ्यात वत्सलाकाकू मागे उभ्या. त्या कधी खाली आल्या, कळलंच नाही. त्यांनी हात पुढे केला. मगननं मास्क दिला. काकूंनी तो कमरेला खोचला आणि जिना चढून गेल्या.

मागची चाकं फिरेनात. सागरनं हँडब्रेक ओढून ठेवलेला, तो इतकी वर्षं तसाच, आतले ब्रेकचे शूज ड्रमला चिकटून बसलेले. मगननं हातोडा घेतला. ठोकून ठोकून चाकं सोडवली, हँडब्रेकची तार गंजलेली होती ती कापूनच टाकली. म्हणाला, हँडब्रेक नंतर, आधी इंजिन बोलू दे. आणि ब्रेक? मी विचारलं. मला गाडीतलं काही कळत नाही, पण चालणाऱ्या गोष्टीला थांबवायचं कसं, एवढं विचारायची सवय आहे. ब्रेक काय, एका तासाचं काम ताई, तो म्हणाला. सगळ्यात शेवटी.

शुक्रवारी संध्याकाळी इंजिन सुरू झालं. आधी नुसती घरघर, मग खोकला, मग पांढरा धूर, सगळा गाळा भरला. गल्ली जमली. कुणी टाळ्या वाजवल्या आणि थांबवल्या. आप्पा पुढे उभे होते, पण त्यांना आवाज कळत नव्हता, धूर दिसत होता. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. ठेवून उभे राहिले. चेहऱ्यावर काही नाही. मगननं विचारलं, कशी वाटतेय आप्पा? आप्पा म्हणाले, एक ठोका कमी पडतोय. मगननं एक प्लग बदलला.

वैशाली मार्केटातून आली तेव्हा गाडी पुसलेली उभी होती. तिनं मागचं दार उघडून सीट झटकली, खिडकीची काच वर-खाली करून बघितली, दार लावलं आणि भाजी घेऊन वर गेली.

रविवार. वैशाखाचं ऊन सकाळीच चटके देत होतं. पाट अकराला. वाडी कॅनॉलच्या पलीकडे, गाडीनं गेलं तर पाच मिनिटंसुद्धा नाहीत. मगन सकाळी आला तो लग्नाला आल्यासारखा, इस्त्रीचा शर्ट. ब्रेकचं तेवढं बघतो म्हणाला. गाडी गाळ्यातून काढली, गल्लीत दोन हात पुढे नेली आणि ब्रेकवर पाय ठेवला. गाडी गेली तशीच. हळूच, काही झालंच नाही अशी, समोरच्या पाण्याच्या पिंपाला जाऊन टेकली. पिंप आडवं झालं, पाणी गल्लीभर.

मगननं पुढची चाकं काढली. मग त्यानं बोट लावून बघितलं, बोटाचा वास घेतला.

"आप्पा, इथं तेल कुणी घातलं?"

"मी."

"कशाला?"

"गंजू नये म्हणून," आप्पा म्हणाले. "दर रविवारी."

मगन तिथंच खाली बसला. मग तोंड सुटलं त्याचं. ही चकती कोरडी पाहिजे, दोन बाजूंनी पॅड तिला धरतात तेव्हा गाडी थांबते, आणि तुम्ही पॅडला वर्षानुवर्षं तेल पाजलंत, तेलात भिजलेलं पॅड कधी धरतं का, गाडीला काय लूम समजलात, असं बरंच. आप्पा त्याच्या तोंडाकडे बघत होते, म्हणजे सगळं कळत होतं. उजवा हात शर्टाला पुसत राहिले, उगाच, पुन्हा पुन्हा. मी मगनला म्हटलं, तुझा तो एका तासाचा शहाणपणा आधी गिळ, मग दुसऱ्याला बोल. खरं होतं, चाकं सोडवली तेव्हाच बघितलं असतं तर शनिवारी दुकानं उघडी होती. आता उधन्याची गाड्यांच्या पार्टच्या दुकानांची लाइन बंद, आणि त्याच्या ओळखीचा दुकानदार स्वतःच कुणाच्या लग्नाला नवसारीला.

पॅड वर नेले, वत्सलाकाकूंच्या गॅसवर. मगननं चिमट्यात धरून जाळले. काळा धूर, जळक्या तेलाचा वास सगळ्या घरात. त्या दिवशीचा शिरा त्याच गॅसवर व्हायचा होता. काकूंनी पातेलं बाजूला सरकवलं आणि उभ्या राहिल्या. पॅड काचकागदावर घासले, चकती पुसली, बसवले. पहिल्यांदा गाडी थांबली. मगननं सुटकेचा श्वास टाकला. दुसऱ्यांदा थांबली नाही. आतलं तेल तापून पुन्हा वर आलं होतं.

दत्तूआबा दुकान बंद करून आलेच. म्हणाले, बघा, मी काही म्हणत नाही. पण संध्याकाळपर्यंत थांबलं तर काय बिघडतं, त्या माणसाला फोन करू, दिवे लागले की बोळातून. बोलताना त्यांचा सूर समजुतीचा होता, त्यानंच माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, थांबायचं काही काम नाही, आत्ता रिक्षा बोलावते, पोरगी उजेडी पुढच्या दारानं गेली म्हणजे झालं, गाडी असली काय नसली काय. मला ते तेव्हा अगदी बरोबर वाटलं होतं.

वैशाली जिन्याच्या वरच्या पायरीवर होती, हिरवी साडी नेसून, तयार. म्हणाली, "रिक्षानं मी रोजच जाते, ताई. पर्वत पाटियाला."

तेवढंच. डोळ्यांत पाणीबिणी नाही. पण मग मी रिक्षा बोलावली नाही.

आप्पा उन्हात गाडीच्या मागे उभे होते. त्यांनी तिचं बोलणं ऐकलं असणं शक्य नाही, इतकं हळू बोलली. पण तिच्या तोंडाकडे बघत होते. मग मगनकडे वळले.

"बीम कसं उतारतस रे?"

बीम म्हणजे ताण्याच्या धाग्यांचा मोठा रूळ, लूमवर चढवायचा. आमच्याकडे वरच्या मजल्यांवरही लूम आहेत. भरलेलं बीम उतारावरून खाली आणायचं असलं, की त्याला मागून दोर बांधतात, माणसं मागे रेटून उभी राहतात आणि दोर हातातून थोडा थोडा सोडतात. ढकलायला कुणी लागत नाही. धरायला लागतात. गल्लीतल्या प्रत्येक माणसानं हे कधी ना कधी केलेलं आहे.

कारखान्यातून दोर आला. मगननं तो गाडीखाली शिरून पक्का बांधला. मग सांगितलं, मी पहिल्या गिअरमध्ये नुसतं सोडतो, चालण्याच्या चालीनं जाईल, पाय कुठंच लावणार नाही, थांबवायची तुम्ही. विमा मेलेला, पीयूसी मेलेलं, ब्रेक मेलेले, आता पोलीस भेटला तर ताई तुम्हीच बोला. मी म्हटलं, बोलते.

कुणाला बोलवावं लागलं नाही. आप्पांसाठी नाही, गाडीसाठीही नाही. दोर दिसला, आणि आमच्या माणसांना दोराला हात लावल्याशिवाय राहवत नाही. पाळी संपवून आलेले, डोळे लाल, बनियनवर आलेले. आप्पा सगळ्यात पुढे, गाडीला लागून. दोर मनगटाला एक फेरा.

मगननं चाकांखाली लिंबं ठेवली होती. वैशाली खाली आली, मागे बसली. मग वत्सलाकाकू आल्या. पाटाला आधीची सासू जात नाही, त्यामुळे त्या येतील असं कुणी धरलंच नव्हतं. काकूंनी दुसरं दार उघडलं, वैशालीशेजारी बसल्या, पिशवी मांडीवर ठेवली. दोघी समोर बघत होत्या. टीव्हीसमोर बसतात तशाच.

गाडी निघाली. लिंबं फुटली. आणि मग सुरू झालं ते आमच्या गल्लीनं बघितलेलं सगळ्यात हळू जाणं. वाजंत्री नव्हती. इंजिनाची घरघर आणि चपलांचा आवाज. गाडी पुढे ओढायची, माणसं मागे रेटायची, दोर ताठ. काही घरांत दारं लोटून घेतली होती, सवाष्णींच्या नियमानं. वेगानं गेलो असतो तर नियम पाळला गेला असता. पण एवढा वेळ दाराआड कोण उभं राहणार? एकेक फट उघडली. प्रमिलाबाई तर पायरीवरच येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी वैशालीकडे बघितलं, वैशालीनं त्यांच्याकडे. प्रमिलाबाईंनी पदर सारखा केला. काही झालं नाही. कुणावर काही कोसळलं नाही.

दत्तूआबांनी दोराला हात लावला नाही. पण गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या मुलाची नवी मोटरसायकल उभी होती, आणि बिनब्रेकची गाडी तिकडेच येत होती. आबा धावले. मोटरसायकल बाजूला घेतली, मग पुढची, मग त्याच्या पुढची, ज्यांच्या त्यांच्या नावानं शिव्या देत. रस्त्यात लावतात का गाड्या, अक्कल आहे का. असे वाडीपर्यंत आमच्या पुढे पुढे तेच चालत होते. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, मानकरी आहेत.

कॅनॉलच्या पुलाला उतार आहे. तिथं गाडीनं जोर धरला. दोर सरसर सरकला, मागची दोन माणसं घसरून बसली. मगननं आरशातून मागे बघितलं, त्याचा चेहरा पांढरा पडलेला. आप्पांनी टाचा डांबरात रोवल्या, पाठ मागे टाकली, मान वर, जवळजवळ आडवेच झाले. दोर त्यांच्या मनगटावर रुतला होता. मी तेव्हा त्यांच्या शेजारीच दोर धरून होते. त्यांचं तोंड मी बघितलं. कसलीच खूण नव्हती त्यावर, ना दुखण्याची, ना कशाची. बीम उतरवताना असतं तसं, लक्ष फक्त दोरावर. गाडी पुन्हा चालीवर आली. मग सपाटी लागली.

वाडीच्या फाटकाशी एक दगड होता, त्याला चाक टेकवून गाडी थांबवली. मगननं चावी फिरवली. वाल्मिक आणि त्याच्याकडची चार माणसं उन्हात उभी होती. एवढी मोठी माणसांची रांग दोराला बघून ती गोंधळली, त्यांना वाटलं काही अपघात झाला. वैशाली उतरली. आप्पांच्या पाया पडली. आप्पा मनगटावरचा दोर सोडवत होते, त्यांनी एक हात तिच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्यात दोर तसाच. ती आत गेली. काकूही आत गेल्या, तिच्या मागोमाग.

पाट लागायला वेळ लागत नाही. अंतरपाट नाही, मंगलाष्टकं नाहीत, पाटावर दोघांना बसवतात, नारळ, कुंकू, झालं. सासरा आत बसत नाही, तेवढं मात्र आप्पांनी पाळलं. ते बाहेर गाडीपाशी राहिले. मी आतून बाहेर आले तेव्हा माणसं दोर गुंडाळून सावलीत बसली होती, बिड्या पेटल्या होत्या, मगन कुणाला तरी ब्रेक कसे असतात ते समजावून सांगत होता. आबा पाणी वाटत होते.

आप्पा एकटे बॉनेटला लागून उभे होते. तळवा बॉनेटवर, उन्हात. मनगटावर दोराचा वळ, सोललेला. इंजिन बंद होऊन बराच वेळ झाला होता, आत ठोका नव्हता, हाताला कळण्यासारखं काही नव्हतं. गरम मात्र असणार. पत्रा इतका तापला होता, की मी बाजूनं हात लावून लगेच काढला.

मी त्यांच्या समोर गेले, म्हणजे तोंड दिसेल. म्हटलं, "आप्पा, चला. पंगत बसलीय."

ते माझ्याकडे बघत राहिले, नेहमीसारखे. हात काढला नाही.

"निवू दे जरा," म्हणाले.